चेहरा पुसून समता येत नाही

क्रीडा-छायाचित्रणात छायाकृतीला मोठे दिवस आले आहेत. मावळत्या सूर्याच्या तांबूस गोलासमोर उडी घेतलेला काळा देह, क्षितिजाच्या रेषेवर धावणारी काळी पावले, मल्लखांबावर कमानीसारखी ताणलेली काळी पाठ अशी चित्रे क्रीडा संकुलाच्या भिंतीवर दिसतात, बँकेच्या दिनदर्शिकेवर दिसतात, बुटांच्या खोक्यावर दिसतात आणि सरकारी जाहिरातींतही दिसतात. छायाचित्रकारांच्या तोंडी ‘सिल्हूट’ हा शब्द रुळला आहे. मराठीत त्याला छायाकृती म्हणता येईल. आकृतीची बाह्यरेषा तेवढी ठेवायची आणि आतील सारे काळोखात बुडवायचे, हे त्याचे तंत्र होय.

तंत्र म्हणून त्याला कोणी आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या तंत्राभोवती रचलेल्या तत्त्वज्ञानाला. छायाकृतीत जात दिसत नाही, धर्म दिसत नाही, कातडीचा रंग दिसत नाही, गरिबी-श्रीमंती दिसत नाही. उरतो तो निखळ खेळ, आणि म्हणून समतेची याहून शुद्ध प्रतिमा दुसरी नाही, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पुरोगामी शब्दांची झूल पांघरून तो येत असल्याने डाव्या चळवळीतील तरुणांनाही तो पटकन पटतो. परंतु ज्या समतेसाठी माणसाला आधी आपला चेहरा द्यावा लागतो, ती समता कोणाच्या सोयीची, हा प्रश्न त्यात कोठेच विचारला जात नाही.

काळोख कसा घडवितात

छायाकृती आपोआप घडत नाही. छायाचित्रकार खेळाडूला स्वतःच्या आणि प्रकाशाच्या मध्ये उभे करतो. प्रकाशाचे मोजमाप तो खेळाडूच्या अंगावरून घेत नाही, मागच्या आकाशावरून घेतो. त्यामुळे आकाशाचे रंग उमटतात आणि देह काळा पडतो. कॅमेरा जमिनीलगत नेला की क्षितिजरेषा खाली सरकते आणि देह आकाशात उचलला जातो. हात छातीला चिकटलेला असेल तर काळ्या गोळ्यात तो हरवतो, म्हणून हात, पाय, चेंडू, भाला सारे धडापासून सुटे दिसेल असा क्षण निवडावा लागतो. चेहरा समोरून काही सांगत नाही, म्हणून तो बाजूने घेतला जातो.

पुढचे काम संपादनाचे. पूर्वी ते डार्करूममध्ये गडद काळा-पांढरा भेद देणाऱ्या कागदावर आणि बारीक कुंचल्याने चाले. आता संगणकाच्या पडद्यावर चालते. सावलीत उरलेसुरले तपशील दाबून टाकायचे, आकाशाचा केशरी रंग वाढवायचा, कडा साफ करायच्या. विजेचा खांब, मागची झोपडी, कुंपणाची तार, पाणी घेऊन उभा असलेला सोबती ही सारी ‘अडचण’ ठरते आणि पुसली जाते. शेवटी मैदानही पुसले जाते व त्या जागी कोठल्याही समुद्रकिनाऱ्याची संध्याकाळ बसविता येते.

या प्रत्येक पायरीवर कोणी तरी निर्णय घेत असतो. काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा अधिकार कोणाच्या तरी हातात असतो. खडे टोचणारे मैदान, फाटका बूट, गुडघ्यावरची जुनी जखम, बनियनवर शिवलेले गावाचे नाव या गोष्टी त्या काळोखात जातात. उरतो तो डौल. खेळाचे सौंदर्य ठेवायचे आणि त्याची किंमत कोणी मोजली ते झाकायचे, अशी ही वाटणी आहे.

नावाचा उलटा प्रवास

ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो एत्येन द सिल्हूट १७५९ साली फ्रान्सच्या राजाचा अर्थमंत्री होता. युद्धाने रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी त्याने धनिकांवर कर बसवू पाहिला, काटकसरीचा आग्रह धरला आणि सुमारे आठ महिन्यांत त्याची खुर्ची गेली. स्वस्त आणि तोकड्या वस्तूंना लोक त्याच्या नावाने हिणवू लागले. काळ्या कागदातून कातरलेल्या मुखाकृतींनाही ते नाव चिकटले. ज्यांना तैलचित्र परवडत नसे, ते अशी आकृती करून घेत आणि घरात लावीत.

यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. ती आकृती ओळख पटावी म्हणून कातरली जाई. नाकाची ठेवण, कपाळाचा उतार, केसांची बांधणी पाहून पाहणाऱ्याने त्या माणसाचे नाव घ्यावे, हा तिचा हेतू असे. ज्याला चित्रकार बोलावणे परवडत नाही त्यालाही आपली प्रतिमा मिळावी, एवढी तरी लोकशाही तिच्यात होती. आज तीच युक्ती नाव नाहीसे करण्यासाठी वापरली जाते. गरिबाला चेहरा देणारे साधन श्रीमंताच्या हाती गेले आणि त्याने चेहरा काढून घेण्याचे काम त्याला लावले.

बर्लिनचा धडा

राज्यसत्तेने हे साधन कसे वापरले, याचे उदाहरण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सापडते. लेनी रीफेन्श्टाल हिने त्या स्पर्धांवर ‘ऑलिंपिया’ हा चित्रपट काढला; तो १९३८ साली प्रदर्शित झाला आणि त्याचा खर्च नाझी राजवटीने पुरविला. खेळाडू आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसावेत यासाठी मैदानात खड्डे खणून त्यांत कॅमेरे बसविण्यात आले होते. चित्रपटाच्या शेवटाकडे पाण्यात सूर मारणारे खेळाडू ढगांसमोर हळूहळू काळ्या आकृत्या होऊन जातात. कोण कोणत्या देशाचा, कोण जिंकला, कोण हरला हे सारे गळून पडते आणि नुसते देह हवेत तरंगत राहतात. हे दृश्य देखणे आहे, याविषयी दुमत नाही.

याच स्पर्धांच्या तोंडावर, जुलै १९३६ मध्ये, ग्रेटेल बेर्गमान या उंच उडीच्या खेळाडूला जर्मन संघातून वगळण्यात आले. काही आठवड्यांपूर्वीच तिने १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी केली होती. ती ज्यू होती, एवढाच तिचा अपराध. पडद्यावर वंश नसलेल्या सुंदर सावल्या आणि पडद्यामागे वंश पाहून फाडलेली निवडयादी, असा त्या राजवटीचा दुहेरी व्यवहार होता. जी राजवट सावलीत सर्वांना सारखे दाखवीत होती, तीच उजेडात एकेकाचे नाव वाचून त्याला बाहेर काढीत होती. छायाकृती समतेची वाट मोकळी करते असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा तरी विचार करावा.

मुठी उरल्या, मागणी गेली

बर्लिनमध्ये सत्तेने सावली वापरली. सत्तेला आव्हान देणाऱ्या खेळाडूंच्या वाट्याला सावली आली की काय होते, ते मेक्सिको शहराच्या उदाहरणावरून कळते. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी २०० मीटर धावण्याच्या शर्यतीचा पदकसमारंभ झाला. टॉमी स्मिथने १९.८३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले होते आणि जॉन कार्लोस तिसरा आला होता. अमेरिकेचे राष्ट्रगीत चालू असताना या दोघा कृष्णवर्णीय धावपटूंनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. त्या क्षणाच्या काळ्या आकृत्या पुढे असंख्य निघाल्या. भिंतींवर आल्या, सदऱ्यांवर छापल्या गेल्या, विकल्या गेल्या.

मूळ छायाचित्र जवळून पाहिले असता त्या आकृत्यांतून काय गेले ते लक्षात येते. दोघांनी पायांतले बूट काढून ठेवले होते आणि नुसत्या काळ्या मोज्यांनिशी ते उभे होते. ती कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याची खूण होती. स्मिथच्या गळ्यात काळा रुमाल होता. कार्लोसच्या गळ्यातील मण्यांची माळ झुंडीने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्मरणार्थ होती. अंगमेहनत करणाऱ्या कामगारांशी नाते सांगण्यासाठी त्याने कोटाची साखळी उघडी ठेवली होती. दुसऱ्या क्रमांकावर उभा असलेला पीटर नॉर्मन हा गोरा ऑस्ट्रेलियन होता. त्याने मूठ उंचावली नाही. पण मानवी हक्कांच्या त्याच चळवळीचा बिल्ला त्याच्याही छातीवर होता. बिल्ला, मोजे, मणी, उघडा कोट हे सारे त्या निषेधाचे कलमवार मागणीपत्रच होते. छायाकृतीने मुठी ठेवल्या आणि मागणीपत्र पुसून टाकले. नॉर्मनला तर अनेकदा कातरून बाजूलाच केले जाते; कारण मूठ नसलेल्या माणसाची रेषा काही बोलत नाही.

स्मिथ आणि कार्लोस यांना संघातून निलंबित करून ऑलिंपिक ग्राम सोडावयास लावण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाने नॉर्मनची क्षमा मागितली ती २०१२ साली, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. अमेरिकेत सॅन होजे येथील विद्यापीठात २००५ साली उभारलेल्या शिल्पात नॉर्मनची जागा रिकामी आहे, परंतु ती त्याच्याच इच्छेने. तेथे कोणीही उभे राहून त्या दोघांना साथ द्यावी, असे त्याला वाटत होते. एका ठिकाणी माणूस विचारपूर्वक स्वतःहून बाजूला होतो. दुसऱ्या ठिकाणी त्याला न विचारता कातरले जाते. दोन्हीकडे जागा रिकामीच दिसते, पण दोन्ही कृतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सावलीची मालकी

राजसत्तेपेक्षाही भांडवलाला छायाकृती अधिक सोयीची वाटते. चेहऱ्याला वय असते, मत असते, तो उद्या विरोधात बोलू शकतो. सावलीचे तसे नाही. ती नोंदणीकृत बोधचिन्ह होऊ शकते आणि मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसू शकते.

अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचे बोधचिन्ह ॲलन सीगल यांनी १९६९ साली तयार केले. जेरी वेस्ट या खेळाडूच्या छायाचित्रावरून ती पांढरी आकृती आपण घेतली, असे खुद्द सीगल यांनी सांगितले. संघटनेने मात्र ते अधिकृतपणे कधी मान्य केले नाही. वेस्ट २०२४ साली वारले. आकृती कोणाची ते जगाला ठाऊक, मालकाला तेवढे ठाऊक नाही!

त्याच खेळातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. को रेंटमीस्टर हा स्वतः १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरलेला छायाचित्रकार. १९८४ साली ‘लाइफ’ मासिकासाठी त्याने मायकेल जॉर्डनचे छायाचित्र रचले. बॅले नर्तकासारखे पाय फाकून, डाव्या हातात चेंडू उंच धरून जॉर्डन आकाशात झेपावल्याचे त्यात दिसते. नायकी या बूट कंपनीने नमुना म्हणून त्याच्या दोन प्रती १५० डॉलर देऊन घेतल्या, मग तसेच दुसरे छायाचित्र स्वतः काढून घेतले, आणि त्या दुसऱ्या छायाचित्रातून १९८७ साली झेपावणाऱ्या माणसाचे काळे बोधचिन्ह कातरले. रेंटमीस्टरने २०१५ साली दावा लावला. देहाच्या एखाद्या ठेवणीवर मालकी सांगता येत नाही आणि दोन्ही छायाचित्रे पुरेशी सारखी नाहीत, असे म्हणून न्यायालयांनी तो फेटाळला; २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यासही नकार दिला. छायाचित्रकाराला देहाच्या ठेवणीची मालकी नाही, हे एक वेळ मान्य करता येईल. पण त्याच ठेवणीची काळी आकृती मात्र कंपनीची नोंदलेली मालमत्ता आहे आणि तिच्या बळावर दर वर्षी अब्जावधी डॉलरांचा माल विकला जातो.

यावर कोणी म्हणेल की जॉर्डन तर त्यातून कुबेर झाला. झाला, हे खरे. पण त्या बोधचिन्हाखालचा बूट शिवणारे हात कोणाचे, हे त्या आकृतीत दिसत नाही. १९९२ साली ‘हार्पर्स’ मासिकात इंडोनेशियातील एका कामगार स्त्रीची पगाराची पावती छापली गेली. तासाला सुमारे १४ सेंट अशी तिची मजुरी होती. जॉर्डनला जाहिरातीपोटी मिळणारी रक्कम कमवायला तिला ४४ हजारांहून अधिक वर्षे लागली असती, असा हिशेब त्या लेखात मांडला होता. आपल्या कंपनीचा माल गुलामीच्या मजुरीशी आणि सक्तीच्या जादा कामाशी समानार्थी झाला आहे, अशी जाहीर कबुली कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना १९९८ साली द्यावी लागली. त्या सावलीत चेहरे दडले होते ते दोघांचे: उडी मारणाऱ्याचा आणि बूट शिवणारीचा. पहिल्याला मोबदला मिळाला, म्हणून दुसरीवरचा अन्याय कमी होत नाही.

घरचा अनुभव

ही सारी परदेशची कहाणी आहे, असे समजून भारतीय वाचकाला सुटका करून घेता येणार नाही. वंदना कटारिया हिने ३१ जुलै २०२१ रोजी टोकियो येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय स्त्री. चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, भारत उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. तेव्हा हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर फटाके वाजवून तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ करण्यात आली. भिंतीवरच्या काळ्या हॉकीपटूला जात नसते. हाडामांसाच्या हॉकीपटूची जात गल्लीला पाठ असते. चित्रातून जात काढल्याने गल्लीतून ती जात नाही. उलट तिच्याविषयी बोलण्याची गरजच नाही, असे सांगण्याची सोय होते.

दुसरा प्रसंग २८ मे २०२३ चा. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून न्याय मागणाऱ्या कुस्तीगीरांना दिल्लीच्या रस्त्यावर पोलिसांनी त्या दिवशी ताब्यात घेतले. पोलिसांच्या वाहनात काढलेल्या छायाचित्रात विनेश फोगाट आणि संगीता फोगाट यांचे चेहरे गंभीर होते. काही तासांतच त्या चेहऱ्यांवर हसू चिकटविलेली बनावट प्रत देशभर फिरविण्यात आली. आंदोलन म्हणजे नाटक आहे, हे त्या खोट्या हसण्यातून सिद्ध करावयाचे होते.

हे दोन प्रकार एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. स्त्री कुस्तीगीर भित्तीपत्रकावर बिनचेहऱ्याची असते तोपर्यंत ती देशाचा अभिमान असते. ती चेहऱ्यासह रस्त्यावर येते तेव्हा तिचा चेहराच बदलला जातो. सावली करणारा हात आणि हसू चिकटविणारा हात एकच आहे असे नव्हे; पण खेळाडूच्या प्रतिमेवर खेळाडूखेरीज सर्वांचा अधिकार आहे, ही समजूत दोघांचीही आहे.

अंधार कोणाच्या इच्छेचा

तर मग छायाकृती वर्ज्य मानावी काय? मुळीच नाही. अन्यायाची तक्रार करणाऱ्या मुलीची ओळख झाकणे हे कर्तव्य आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव उघड करणे भारतीय कायद्यानेही गुन्हा ठरविले आहे. तेथे काळोख म्हणजे ढाल. एखादी धावपटू स्वतः म्हणाली की माझ्या धावण्याची लय तेवढी दिसू दे, चेहरा नको, तर तो तिचा अधिकार. उत्तम छायाचित्रकार पहाटेच्या उजेडात अशी आकृती टिपतो तेव्हा तो कोणाची लूट करीत नाही. खरा प्रश्न आहे तो हा काळोख कोणाच्या इच्छेचा आणि त्याचा लाभ कोणाला, हा.

या कसोटीवर श्रमिकांच्या संघटनांनी स्वतःची भित्तीपत्रकेही तपासून पाहणे अगत्याचे आहे. उगवत्या लाल सूर्यासमोर हातोडा उगारलेला बिनचेहऱ्याचा कामगार आणि कबड्डीच्या सामन्यांच्या पत्रकावर कोठून तरी उचललेली काळी आकृती ही भांडवली जाहिरातीचीच सवय आहे. ज्या चळवळीने नाव नसलेल्यांना नाव द्यायचे, तिने छापखान्यातील तयार सावल्यांवर भागवावे, हे तिला शोभत नाही.

वस्तुतः करण्याजोगे फार अवघड नाही. गावात सामने भरवायचे असतील तर मैदानावर जावे, खेळणाऱ्या मुलामुलींची संमती घेऊन त्यांचे छायाचित्र काढावे, चित्राखाली खेळाडूचे नाव व गाव छापावे. छायाचित्रकाराचेही नाव छापावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्तृत्व सांगण्याचा हक्क कृती विकल्यानंतरही कर्त्याकडे ठेवला आहे, तो वृत्तपत्रांकडून आणि सरकारी खात्यांकडून पाळून घ्यावा. संपादनात काही पुसले असेल तर ते खेळाडूला दाखवून मगच छापावे. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक क्रीडाविषयक जाहिरातीत प्रत्यक्ष खेळाडू असावा आणि त्याला मोबदला मिळावा, ही मागणी क्रीडा संघटनांनी लावून धरावी. आपल्या प्रतिमेसाठी न्यायालयात जाणे नामवंतांना परवडते. तालुक्याच्या धावपटूला त्यासाठी संघटनाच लागते.

हेलसिंकीला १९५२ साली कुस्तीत कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांचे नाव घेतले की त्यामागोमाग कऱ्हाडजवळचे गोळेश्वर येते, त्यांना परदेशी पाठविण्यासाठी जमविलेली लोकवर्गणी येते आणि १९८४ साली ते गेल्यानंतर कित्येक वर्षांनी देण्यात आलेला अर्जुन पुरस्कारही येतो. नावाबरोबर हिशेब येतो. भिंतीवरच्या काळ्या पैलवानाबरोबर असा कोणताच हिशेब येत नाही, आणि म्हणूनच तो सत्तेला आणि बाजाराला इतका प्रिय आहे. जातीचा, वर्णाचा, वर्गाचा डाग माणसाच्या चेहऱ्यावर नसतो. तो पाहणाऱ्याच्या नजरेत आणि समाजाच्या रचनेत असतो. धुवायचा तर तो तेथे धुतला पाहिजे. खेळाडूचा चेहरा मात्र उजेडातच राहावयास हवा.